दीपमालाचा एजंट

अकोल्यात जठारपेठेत, खेळाच्या सामानाच्या एका दुकानावर देवमनचं छोटं ऑफिस आहे. तो कबड्डीपटूंचा एजंट. कोणत्या संघाला डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू हवा, कुणाचा करार संपतोय, हे त्याला पाठ असतं. गुडघा गेला आणि त्याचा स्वतःचा खेळ सुटला, तेव्हापासून तो दुसऱ्यांना मैदानात उतरवत आला.

तिवस्याची दीपमाला त्यानेच हेरली. भाजीचा मळा करणाऱ्या घरातली, तेवीस वर्षांची. तिने घोटा धरला की चढाईवाली सुटत नसे. तीन वर्षं खेटे घालून देवमनने तिला बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या संघात जागा मिळवून दिली. निघायच्या चार दिवस आधी अमरावतीत सरावात तिचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आदळलं. देवमनसमोरच तिला दोनदा उलटी झाली.

संघाच्या फॉर्मवर प्रश्न होता: तीन महिन्यांत डोक्याला मार लागला आहे का?

"भाऊ, काय लिहू?" तिने विचारलं.

"नाही लिही. हो म्हटलं त तुह्या जागी दुसरी तयारच हाय. आता दुखते का?"

"थोडंसं."

"मंग झालं."

तिसऱ्याच सामन्यात पुन्हा डोकं आपटलं. दोन महिने दवाखान्यात गेले. आता ती चालते, बोलते, मळ्यातली वांगी तोडते, पण नवीन काही तिच्या लक्षात राहत नाही. संघाकडे जायचं अजून बाकीच आहे असं समजून रोज सकाळी देवमनला फोन करते. "भाऊ, कवा निघाचं?" तो "सांगतो" म्हणतो आणि मग कितीतरी वेळ त्याला दुसरा फोन उचलवत नाही. मैदानावर कुणी पोरगी पडली की तो तोंड फिरवतो, तरी ओकारीचा आवाज त्याच्या कानात येतोच.

वर्षभराने तो तिवस्याला गेला. दीपमालाची आई, गोदाबाई, मेथीच्या जुड्या बांधत होती. त्याने सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले नाहीत. "उलट्याचं तिनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं," ती म्हणाली. "म्या म्हटलं, ऊन लागलं असन. पोरगी इतकी खुश होती."

पुढची जुडी ओढून घेत ती म्हणाली, "डॉक्टरले तुमी सांगा. माह्यानं नाही होत."

देवमनने संघालाही खरं लिहून पाठवलं. ही गोष्ट पसरली आणि त्याच्या अकरा खेळाडूंपैकी नऊ त्याला सोडून गेले.

अमरावतीच्या डॉक्टरांना त्याने आधीच्या माराची तारीख सांगितली, तेव्हा दीपमाला शेजारीच बसली होती.

"मले लागलं होतं? मंग तुमी काय केलं, भाऊ?"

त्याने सांगितलं. परतीच्या बसमध्ये ती रडत राहिली, त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या सकाळी तिचा फोन आला, तोच हसरा आवाज.

आता दर महिन्याला तो मायलेकींना घेऊन डॉक्टरकडे जातो. बसमध्ये बसलं की ती विचारते, "आपण डॉक्टरकडे काहून चाललो?" गोदाबाई खिडकीबाहेर पाहते. काहीतरी सांगून वेळ मारून नेता येईल. देवमन पहिल्यापासून सगळं सांगायला लागतो.