ओ वाटणारी माणसं

रक्ताच्या पिशवीला एक्सपायरी डेट असते, किश्शांना नसते. म्हणून नौपाड्यातल्या आमच्या ब्लड बँकेत पिशव्यांचा तुटवडा असतो आणि किश्शांचा साठा वाढतच जातो! त्यातले निम्मे आमच्या मुख्य डॉक्टर कर्णिक मॅडमचे.

मॅडमचा नियम असा, की गट ओ आला की त्या माणसाचं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दुसऱ्या कुणाच्या ओ गटाच्या लाल पेशींशीही लावून बघायचं. तिथे गुठळ्या झाल्या, तर तो ओ नव्हे, दुर्मिळ बॉम्बे गट असू शकतो. त्याला बॉम्बेचंच रक्त चालतं. एकदा नवीन डॉक्टर वैतागला, "मॅडम, साधा ओ आहे हो!"

मॅडम म्हणाल्या, "साधा आहे ना? मग तपासायला घाबरतोस कशाला?"

*

कोलशेतच्या रक्तदान कॅम्पमध्ये एक जिमवाला पोरगा आला. दंडावर टॅटू, 'ओ पॉझिटिव्ह'! तपासलं तर बॉम्बे.

"मॅडम, आता टॅटूचं काय करू?"

"त्यापुढे 'असं वाटलेलं' एवढं लिहून घे!"

*

डोंबिवलीचे शिंदेकाकाही बॉम्बेवाले. कल्याणला एका बाळंतिणीला रक्त हवं होतं, म्हणून मॅडमनी त्यांना फोन केला. काका मुलीच्या हळदीतून उठून तसेच आले, गालाला हळद! मॅडमना भरून आलं. काका म्हणाले, "मॅडम, लवकर घ्या, तिकडे जेवण संपेल!"

मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले.

*

आणि वर्तकनगरची ती सून. नवऱ्याचा गट ए, बाहेरच्या लॅबमध्ये तिचा आलेला ओ, आणि बाळ एबी. आईबापांत कुणाकडेच बी नाही, मग बाळात तो आला कुठून, असा सुनेवर संशय घेऊन सासूबाई मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. घर मोडायची वेळ आलेली. सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

मॅडमनी तपासलं. सून बॉम्बे निघाली!

मॅडमनी भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवलं. "ए किंवा बी म्हणजे शर्ट समजा. तो टांगायची खुंटी दुसराच जीन बनवतो. हिच्याकडे बी आहे, पण खुंटी नाही, म्हणून तो दिसलाच नाही. बाळाला खुंटी वडिलांकडून मिळाली, बी आईकडून. रक्तगटावरून संशय घ्यायला जागाच नाही."

नवरा तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. सासूबाई उठल्या आणि बाळ घ्यायला हात पुढे केले.

सून म्हणाली, "आई, आधी तुमचा मुलगा सांभाळा. माझा मी सांभाळते!"