पाऊण तासाचा चहा

देशाची प्रगती आधी महामार्गावर दिसते, असं म्हणतात. म्हणजे फुलंब्रीच्या पुढं विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग केंद्र उभं राहिलं, तेव्हा उद्घाटनाचे पाहुणे तसं म्हणाले होते. भाषण मी लिहून दिलं होतं. सरकारी अनुदानासाठीचे आमच्या कंपनीचे कागदही माझ्याकडंच होते.

पहिला हप्ता जागेची तयारी पाहून मिळायचा. शेड होती, यंत्र होतं, गावाच्या वेशीला शोभेल एवढा फलक होता. फॉर्मात ‘प्रवाशांसाठी चहापाणी’ असाही एक रकाना होता. तेवढं नव्हतं.

केंद्राच्या जरा अलीकडं एसटीच्या थांब्यावर एक मावशी चहाची गाडी लावायच्या. धंदा जोरात. मी त्यांना म्हणालो, “मावशी, गाडी चार्ज व्हायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ माणूस काय करणार? चहाच पिणार.”

“पण लाईट कधी येणार?”

“महिनाभरात.”

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. वीज कंपनीकडं पाठवायचा डीपीच्या मागणीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता.

“तुम्ही शिकलेली माणसं. म्हणताय तर येती,” म्हणत त्या आल्या. मी शेडखाली त्यांचा गाडीसकट फोटो काढला. आठवड्याच्या आत थांब्यावरच्या जागेत रसवंती लागली.

वीज आली नाही. कामानिमित्त फर्दापूरला जाताना मी तिथं थांबतो आणि नको असताना दोन कप पितो. बहुतेकदा गिऱ्हाईक मी एकटाच.

“साहेब, लाईट कुठवर आली? पायी निघाली का काय?”

मी हसतो. गेल्या खेपेला मात्र खरं सांगायचं ठरवूनच उतरलो. सुरुवात केली, “मावशी, तुम्ही थांब्यावरच बऱ्या होतात.”

“व्हय. पण तो रसवाला आता उठत नाय. लई विनवलं.” मग माझा चेहरा पाहून त्यांनीच समजूत घातली, “तुमचा काय दोष? वरूनच आली नसंल.”

“वरूनच,” मी म्हणालो, आणि साखर मागून घेतली.

आमच्या केंद्राला चहापाण्याच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले. विजेचा रकाना दुसऱ्या हप्त्याच्या फॉर्मात आहे.