मनोरा नसलेलं गाव

वाजिदभाईंच्या शाहीनचा फोन आला तेव्हा मी नांदेडला क्लासमध्ये फळ्यावर घर्षणाचं गणित सोडवत होतो. वर्गात मी फोन उचलत नाही. पण तिचं नाव लागोपाठ दुसऱ्यांदा दिसलं म्हणून बाहेर आलो. "काका, अब्बू गेले," ती म्हणाली. सकाळी लातूरला दुकान उघडलं, खुर्चीत बसले, समोर चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत... मी वर्गात परत गेलो, गणित पुरं केलं, पोरांना उत्तर तपासायला लावलं आणि मग लातूरची एसटी धरली. कुणाला हे कोरडं वाटेल. वाजिदभाईंना वाटलं नसतं. अर्धं टाकून उठलेलं काम त्यांना बघवत नसे.

त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्यावर लिहावं असं फार जणांनी सुचवलं, आणि प्रत्येकाला वाटलं की मी त्यांच्या दानशूरपणाबद्दल लिहीन. ते मी लिहिणार नाही. मी एका कॉम्प्युटरच्या खेळाबद्दल लिहिणार आहे, कारण त्यांच्या शेवटच्या वर्षातले बरेच महिने त्याच एका दुःखात गेले, आणि त्या दुःखातून ते ज्या तऱ्हेनं बाहेर आले ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मी मुरुडजवळच्या एका खेड्यातला. माझ्या बापाला सही करता येत नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. दहावीला चांगले मार्क पडले तसं मला अकरावीला लातूरला धाडलं. तेव्हा अख्ख्या मराठवाड्यातली पोरं लातूरला येत होती. एका खोलीत चौघं, मेसचा डबा, सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि दर रविवारी चाचणी. क्लासच्या गल्लीतच वाजिदभाईंचं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, पाच कामाचे. फॉर्म भरायचा, निकाल बघायचा, सगळं तिथंच. सहावा कोपऱ्यातला, त्यावर फक्त खेळ. पण तो असाच मिळत नसे. रविवारी चाचणी देऊन यायचं, पेपर वाजिदभाईंना दाखवायचा, मग एक तास. स्वतः ते सातवीतून सुटलेले, पेपरातलं त्यांना काही कळत नसे, तरी दोन्ही बाजू उलटून बघायचे.

"हे मागचं पान कोरं का रे, माधव?"

"येत नव्हतं, वाजिदभाई."

"येत न्हाई तर लिहून बघायचं. कोरं काय ठेवून राहिलास, सासऱ्याला पत्रिका छापायचीय का त्याच्यावर?"

खेळ परदेशी कंपनीचा होता. तलवार घेऊन निघालेला एक नायक, वाटेत राक्षस, प्रत्येक लढाईनंतर नायकाची ताकद थोडी वाढते आणि गोष्ट पुढं सरकते. असे खेळ पुष्कळ होते. ह्याचं वेगळेपण एकच. खेळ सुरू होतो तेव्हा नायकाचं गाव जमीनदोस्त झालेलं असतं. लढाईत मिळालेला दगड, लाकूड, लोखंड घेऊन गावात परत यायचं आणि एकेक घर उभं करायचं. ते न करताही लढत पुढं जाता येत होतं. आम्हाला ते पुष्कळ दिवस कळलंच नाही. आम्हाला वाटलं, गाव बांधणं हाच खेळ आहे आणि लढाया म्हणजे सामान आणायची खेप. आम्ही सगळी पोरं मिळून एकच नायक चालवायचो, एकच गाव. ह्या रविवारी मी विहीर अर्धी करून उठलो, तर पुढच्याने ती पुरी करायची.

बालाजी निलंग्याकडचा होता. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचं घर गेलं, त्याचं पहिली-दुसरीचं शिक्षण पत्र्याच्या शेडमध्ये झालं. आज तो देगलूरला डॉक्टर आहे. तेव्हा तो खुर्चीच्या मागं उभा राहून हुकूम सोडायचा. "दोन घरांत अंतर ठेव. गल्ली रुंद कर, लई रुंद. वर मातीचं माळवद नको." खेळात एक उंच दगडी मनोरा बांधता यायचा. मनोरा झाला की नायकाची ताकद एकदम दुप्पट, आणि तेवढी ताकद असल्याशिवाय शेवटचा राक्षस हरत नाही. दगडही जमले होते. बालाजी म्हणाला, "मनोरा बांधायचा न्हाई. हलला तर आजूबाजूची घरं घेऊन पडंल." मी विज्ञानाचा विद्यार्थी, मी म्हणालो, अरे, ह्या खेळात भूकंप येत नाही. तो म्हणाला, "तुला काय ठाऊक?" आम्ही वाजिदभाईंकडं बघितलं. ते गिऱ्हाइकाचा फॉर्म भरत होते. मान वर न करता म्हणाले, "बालाजी बोलतोय तसं करा." मनोरा झाला नाही. नायक कमजोर राहिला आणि शेवटचा राक्षस आमच्या हातून कधी मेला नाही. पुढं दरवर्षी नवी पोरं आली, त्यांनीही तो कायदा पाळला.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. बी.एस्सी.चा फॉर्म वाजिदभाईंनीच भरला, आणि पदवी मिळाली त्या दिवसापासून मला 'मास्तर' म्हणायला लागले. मी नांदेडला शिकवायला लागलो तरी महिन्या-दोन महिन्याला लातूरला चक्कर असायचीच.

मागच्या वर्षी त्या खेळाच्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली. वीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट. ट्रेलर आला तेव्हा मी मुद्दाम दुकानात गेलो होतो. शाहीननं तो मोठ्या पडद्यावर लावला. चित्रं डोळे दिपवणारी, लढाया वाऱ्यासारख्या. वाजिदभाई चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले, मग तिसऱ्यांदा. "गाव कुठंय?" त्यांनी विचारलं. शाहीननं कंपनीचं निवेदन वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं की खेळाडूंना वेग हवा आहे, गावाच्या भागात ते रेंगाळायचे, म्हणून तो भाग काढून टाकला आहे. इंटरनेटवर जगभरची माणसं कंपनीला शिव्या घालत होती. नायकाचा चेहरा बदलला म्हणून कुणी, रंग भडक झाले म्हणून कुणी. वाजिदभाईंनी शिवी दिली नाही. नुसतं म्हणाले, "रेंगाळायचे म्हणे. हम तो उसीके वास्ते बैठते थे."

मी तेव्हा चूक केली. मी म्हणालो, "कंपनीचंही बरोबर आहे, वाजिदभाई. आताच्या पोरांना दम कुठंय? आणि आपण तरी कोणते गिऱ्हाईक? आपली सीडी नकली होती." पुढं दोन महिने त्यांनी मला फोन केला नाही, मीही केला नाही. ताठपणा दोघांतही होता. शेवटी त्यांचाच फोन आला. "मास्तर, अस्सल सीडी मागवली हैदराबादहून. आता झालो गिऱ्हाईक. इंग्रजी तुझी चांगली, निवेदन लिहून दे."

आता आमच्याकडं निवेदन म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. पाणी येत नाही, रस्ता होत नाही, की गावकरी सह्या गोळा करून तहसीलला निवेदन देतात. मी दुसरा नमुना पाहिलेलाच नव्हता. मी लिहिलं, 'विषय : खेळाच्या दुसऱ्या भागातून गाव वगळू नये याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणार...' त्याचंच शब्दशः इंग्रजी केलं. वाजिदभाई सह्यांच्या मागं लागले. जुनी पोरं आता कुठं कुठं पांगलेली. कंधारच्या एका मास्तरानं शाळेचा शिक्काच मारला. बालाजीनं दवाखान्याच्या चिठ्ठीवर सही करून फोटो पाठवला. पन्नासेक सह्या झाल्या. सोबत खेळातल्या आमच्या गावाचं चित्र जोडलं आणि शाहीननं ते सगळं कंपनीला मेल केलं.

"उत्तर येणार नाही," मी म्हणालो.

"तहसीलदार तरी कुठं देतो?" ते म्हणाले. "आवक झाली म्हणजे बास."

पण उत्तर आलं. पहिलं छापील, धन्यवादाचं. आठवड्यानं दुसरं आलं, ते एका बाईचं. पहिल्या खेळातल्या घरांची चित्रं तिनं काढली होती. तिनं सरळ लिहिलं होतं की दुसऱ्या भागात गाव येणार नाही, तो निर्णय झालेला आहे आणि तो तिच्या हातात नाही. पण तुमचं चित्र मी पुन्हा पुन्हा बघते आहे, इतक्या वर्षांत मनोरा नसलेलं गाव मी पाहिलं नाही... तुम्ही तो का बांधला नाही?

मी उत्तर लिहायला बसलो. वाजिदभाई शेजारी. म्हणाले, "मी सांगतो, तू लिही." आणि बावीस-तेवीस वर्षांच्या ओळखीत जे कधी बोलले नव्हते ते बोलायला लागले. भूकंपाच्या सकाळी ते ट्रकमधून पडलेल्या गावांकडं मदतीला गेले होते. वय वीस, सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीची माळवदं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्हीकडच्या भिंती एकमेकींवर आल्या होत्या, पाय ठेवायला वाट नव्हती. खालून एका म्हातारीचा आवाज येत होता. हातानं दगड काढत दुपार झाली. ती जिवंत निघाली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "लेकरा, माझं घर कोणतं रं?" "मास्तर, मी उभा राहून चारी बाजूला बघितलं. मला दाखवता आलं न्हाई." शाहीन दारात उभी होती, तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मग ते म्हणाले, "बालाजी रुंद गल्ली म्हणाला तेव्हा मला वाटलं, आता ती म्हातारी आली तर मी तिचं घर दाखवीन. हे लिही. साधं लिही, तहसीलचं नको."

मी साधं लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं माझं सर्वांत चांगलं इंग्रजी तेच असावं. बाईचं उत्तर दोन ओळींचं आलं. मनोरा सगळ्यांनाच हवा असेल असं आम्ही धरून चाललो होतो, तुम्ही ते गाव माझ्यापेक्षा चांगलं बांधलंत. वाजिदभाईंनी ते मराठीत ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं आणि चहा सांगितला. त्यानंतर दुसऱ्या भागाचा विषय निघाला की रागानं बोलायचे नाहीत. "निघू दे की. आपलं गाव आपल्याजवळ हाय," म्हणायचे. गेले ते त्याच समाधानात गेले, असं मी नात्यातल्या माणसांनाही सांगितलं. त्यांना पुरतं कळलं नसेल.

खेळ बाजारात यायला अजून अवकाश आहे. पण चाखून बघायला म्हणून त्याचा एक तुकडा, डेमो म्हणतात तो, मागच्या आठवड्यात आला. माझ्या मुलीनं तो घेतला, ती आठवीत आहे. तिनं दहा मिनिटांत राक्षस लोळवला. पडद्यावर दुसरी लढाई आली, मग तिसरी. तिनं हात थांबवले. "बाबा, हा घरी कधी जातो?"

मी शाहीनला फोन लावला. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर चालतो का, म्हणून विचारलं.

"हाव, काका. अब्बू रोज दुकान उघडलं की आधी तोच लावायचे. गावातून एक चक्कर मारायचे, मग शटर पुरं वर करायचे."

"आणि आता?"

"आता मी मारते."

येत्या रविवारी मुलीला घेऊन लातूरला जातो आहे. त्या दिवशी तिची चाचणी आहे, ती देऊन निघू. पेपर सोबत घ्यायला सांगितलं आहे.