शहजादीभाभींची बांगड्यांची गाडी

मुखेडच्या शहजादीभाभी नवरा निजामोद्दीनभाईंसोबत जुन्या व्हॅनमधून जत्रोजत्री बांगड्या विकायच्या, मुक्कामही गाडीतच. निजामोद्दीनभाई वारले. इद्दतीचे, म्हणजे विधवेनं पाळायचे, चार महिने दहा दिवस घरातच बसायचं, परका माणूस समोर नको. मग पेंटर कसा बोलवणार? गाडी विकायची म्हणून नणंद सुमय्यानं पांढरा रंग आणून दिला आणि भाभींनी अंगणातच रोलर धरला.

भाभी अजून रडल्या नव्हत्या. नमाज झाली की रंग, एवढंच.

"भाभी, आतून पण मार की," सुमय्या म्हणाली.

भाभींनी मागचं दार उघडलं. दोघांच्या उशा तशाच होत्या.

"आत नको. विकायची न्हाई मला."

"आन् चालवणार कोण? ह्या अंगणातल्या कोंबड्या?"

"मी शिकते. इद्दत तर सरू दे."

दार लावून त्या बाहेरून त्यावर रोलर फिरवायला लागल्या.