कणीस कुणाच्या हातात

२ ऑगस्ट, शनिवार. रोटाचे गहू निवडायचे होते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात आणि त्याचे गहू मापाने नव्हे, मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ते गहू वेगळे दळायचे आणि रोट घरच्यांनीच खाऊन संपवायचा, बाहेर एक घासही द्यायचा नाही. बायका तो करतात, खातात, पण त्यांच्या नावाची मूठ नसते.

माझी मुलगी झाली त्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं होतं, हिची एक मूठ धरू का? सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्या साक्रीकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. त्या म्हणाल्या, "पोरगी परक्या घरनी. तिनी मूठ कसाले?" विषय तिथेच संपला. मी पुन्हा विचारलं नाही. पण दरवर्षी मुठी मोजताना एक मूठ कमी आहे हे मला आठवायचंच.

यंदा मुलीचं लग्न ठरलं आहे, मार्गशीर्षात. म्हणजे मूठ धरायची तर हे शेवटचं वर्ष. मी आठवडाभर अक्कांना विचारायची वेळ शोधत होते आणि सापडत नव्हती.

शनिवारी दुपारी धुळ्याहून धाकटी जाऊ आली. ती तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिला जुन्या बाबिलोनी लोकांच्या आकाशाचं वेड लागलं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ती रोज एक देवी टाकते आणि घरादाराचे अंगठे वर होतात. माझा नवराही अंगठा देतो. मी जळगावात दुकान सांभाळते, ठिबकच्या नळ्या आणि जोडण्या विकते. माझ्या नळ्यांना कुणी अंगठा दिलेला नाही.

खोटं कशाला सांगू, मी जळत होते. जळणं उपयोगी पडावं म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा मीही वाचायला लागले. पुण्याला असलेल्या मुलीने वाचण्यासारखं काय काय आहे ते पाठवलं. त्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर ताऱ्यांच्या याद्या केल्या होत्या आणि कुठला तारा कोणत्या देवाचा तेही लिहून ठेवलं होतं. आपला शुक्र त्यांच्याकडे बाई, तिचं नाव इश्तार. आपली वृश्चिक रास त्यांच्याकडेही विंचूच, पण तो इश्खारा नावाच्या देवीचा. आपल्या अभिजितापाशी त्यांची शेळी, ती गुलाची. गुला म्हणजे दुखणी बरी करणारी देवी, तिच्यासोबत कुत्रा असतो. वाचता वाचता मला ते आवडायला लागलं. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. मी जावेच्या चुका शोधायला बसले होते, आणि त्या सापडतही होत्या.

ती आली, अक्कांच्या पाया पडली आणि पलंगावर आकाशाचा मोठा नकाशा पसरून बसली. मी खाली सुपात गहू घेऊन. मदत म्हणून तिनेही एक ताट पुढे ओढलं. तासाभरात तिने तीन खडे काढले, तेही अक्कांना दाखवून.

"अक्का, ही शेळी बघा."

"शेळी तर आमनाकडे बी होती," अक्का म्हणाल्या. "मारकी होती."

दोघी हसल्या. माझं बोलणं अक्का कधी शेवटपर्यंत ऐकत नाहीत. गॅस संपला हे सांगायलाही मला दोनदा जावं लागतं. आणि हिच्यासाठी त्यांनी चष्मा मागवला, तोही माझ्याकडून.

मग जावेने कन्या राशीवर बोट ठेवलं. "आणि ही सगळ्यात मोठी. त्यांच्याकडे या ताऱ्यांना नांगराची चर म्हणत. शेतातली चर, आणि तिच्यात उभी इश्तार देवी. हातात गव्हाची ओंबी. आपला चित्रा तारा म्हणजे ती ओंबी."

माझा हात सुपात थांबला. दोन चुका होत्या, आणि दोन्ही ठळक. त्या चरीतली देवी इश्तार नाही, शाला. पाऊस पाडणाऱ्या देवाची बायको. आणि कणीस बहुधा जवाचं, कारण त्यांचं रोजचं धान्य तेच. मी महिनाभर अशाच एका वाक्याची वाट पाहत होते. अक्कांसमोर, शांतपणे, गहू निवडता निवडता सांगायचं होतं. शब्दही ठरवून ठेवले होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बघा ना अक्का, हजारो वर्षांपूर्वी त्या लोकांनी आभाळातलं धान्य बाईच्या हातात दिलं. आणि आपण कानबाईच्या रोटाला एका बाईची मूठ धरत नाही. कानबाई स्वतः बाई असून!"

अक्का नकाशाकडे बघत राहिल्या. चोवीस वर्षं मी जे पोटात ठेवलं होतं ते हिने चहा यायच्या आत बोलून टाकलं होतं. हिला दोन मुलगे. दोघांच्या मुठी जन्मापासून धरल्या जातात. हिला याची गरज काय? मुलगी माझी, लग्न माझ्या मुलीचं, आणि मागणी हिच्या तोंडून. मला इतका राग आला की चांगले गहू खड्यांत टाकले.

अक्कांनी चष्मा काढला आणि एकदम माझ्याकडे वळल्या.

"मोठी, तू बी फोनमा वाचत ऱ्हास. हाई खरं शे का?"

त्यांनी माझं वाचणं पाहिलं होतं हे मला तेव्हा कळलं.

जाऊ माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती, याचाच मला जास्त त्रास झाला. मी खरं सांगितलं असतं तर ती तिथेच लहान झाली असती. पण मी अक्कांना ओळखते. देवीचं नावच चुकलं म्हटल्यावर त्यांनी नकाशा गुंडाळायला सांगितला असता आणि पाठोपाठ मुठींचा विषयही गेला असता. पुन्हा विचारायला माझ्याकडे पुढचं वर्ष नव्हतं.

"खरं आहे," मी म्हणाले. "कणीस बाईच्याच हातात आहे."

हे खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं.

"मंग बठ्ठास्न्या मुठी धरा," अक्का म्हणाल्या. बठ्ठा म्हणजे सगळे. "पोरीनी बी."

"बघितलं ताई?" जाऊ मला म्हणाली. "नुसतं विचारायला हवं होतं!"

मी सूप उचललं आणि फोलपटं पाखडायला अंगणात गेले. जरा जोरातच पाखडली. संध्याकाळी गटावर तिचा निरोप आला: "आज आमच्या घरात इश्तारने इतिहास घडवला." अंगठ्यांची रांग लागली. नवरा मला म्हणाला, "काही म्हण, धाकटीला जमतं." मी त्याला दुसरी पोळी वाढली नाही. त्याने स्वतः घेतली.

रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी अंघोळ केली आणि गव्हापुढे बसले. मुठी भरायचं काम थोरल्या सुनेचं, त्यात वाटणी नाही. पहिली मूठ मुलीची धरली, पुरुषांच्याही आधी. सव्वा म्हणजे वरची पाव मूठ अंदाजानेच टाकतात, ती मी सढळ टाकली. मग पुरुषांच्या, अक्कांची, माझी. शेवटी जावेची. हात आखडावा असं मनात आलं, पण गहू कानबाईचे होते. तिचीही सव्वा मूठ नीट भरली, दाणाभर जास्त नाही.

ती फोन घेऊन धावत आली, "ताई, थांबा, फोटो काढते!" तोवर मी पिशवीचं तोंड बांधलं होतं.

गिरणीवाल्याने आमचं दळण वेगळं घातलं. पीठ डब्यात पडून झाकण लागेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. दळलेल्या पिठातून कुणाची मूठ परत काढता येत नाही. मग फोन काढला आणि एकट्या जावेला लिहिलं: "ती इश्तार नव्हे, शाला. आणि ओंबी गव्हाची नव्हे, बहुधा जवाची. पुढच्या वेळी वाचून सांग."

पाठवलं, डबा उचलला आणि घरी येऊन पुरणाची डाळ शिजत घातली.