बिनआवाजाचा ट्रॅक्टर

आमचे हे मुळात भित्रे. मला बघायला आले तेव्हा आमच्या नागपूरच्या घरातला पंखा कुरकुरत होता, तर मुलगी बघायची सोडून हे पंख्याकडेच बघत बसले होते. शेवटी त्यांनी खुर्ची पंख्याखालून बाजूला सरकवून घेतली. माझी आई म्हणाली, मुलगा विचारी दिसतो. मी म्हटलं, विचारी कसला, घाबरट आहे. होकार मात्र मीच दिला. पंख्याला घाबरणारा माणूस निदान गाडी तरी वेडीवाकडी चालवणार नाही, असा माझा हिशेब होता.

नाव शशिधर. लंडनच्या हाउन्सलोला येऊन आम्हाला वीसेक वर्षं झाली होती. हे विमानतळावर एका कंत्राटदाराकडे कामाला होते. सामानाच्या डब्यांची माळ ओढत नेणाऱ्या ज्या बॅटरीच्या गाड्या असतात, त्या दुरुस्त करायचे. तिथेच एकदा यांच्या डोळ्यांदेखत अपघात झाला. मोहन म्हणून यांचा जोडीदार, तो एका गाडीच्या आणि भिंतीच्या मधे उभा होता. गाडी बंद आहे असंच सगळे समजत होते. पण मोटरला वीज देणारा आतला मोठा खटका आधीच चिकटून बसला होता. कुणीतरी बॅटरीची वायर जोडली आणि गाडी आपली आपण पुढे गेली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. मोहनचा पाय वाचला, पण तो लंगडतो अजून.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे हे त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. घराबाहेर पडताना कुकर, गॅस, इस्त्री सगळं तपासायचं, मग गाडीत बसल्यावर परत उतरून तपासायचं. माझ्या मैत्रिणी हसायच्या. मीही हसायचे, काय करणार.

आणि अशा माणसाच्या पोटी ऋजुता आली. हाउन्सलोतच जन्मली, वाढली, कॉलेजात इंजिनिअरिंगला गेली. २००६च्या उन्हाळ्यात कुठल्याशा मैत्रिणीबरोबर एका गावाच्या शोला, म्हणजे तिथल्या जत्रेला गेली आणि डोक्यात खूळ घेऊन आली. बागेतलं गवत कापायचे ते छोटे ट्रॅक्टर असतात ना, त्यांची तिथे ओढायची शर्यत लावतात. मागे स्लेज म्हणून एक लांबलचक लोखंडी गाडी बांधायची. ट्रॅक्टर जसजसा पुढे जातो तसतसं स्लेजवरचं वजन पुढे सरकतं आणि ओझं वाढत जातं. ज्याचा ट्रॅक्टर सगळ्यांत लांब ओढून नेईल तो जिंकला.

"बाबा, आपण इलेक्ट्रिक करू या," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं येतं. अँड नोबडी एल्स हॅज वन."

"नाही," हे म्हणाले, आणि जेवता जेवता उठून गेले.

पुढे महिनाभर घरात तेच. शेवटी ती म्हणाली की तिच्या मैत्रिणीचा भाऊ त्याच्या पेट्रोलच्या ट्रॅक्टरवर तिला बसवायला तयार आहे. त्या दिवशी हे फार वेळ गॅरेजमध्ये एकटेच उभे राहिले. बाहेर आले ते म्हणाले, "दुसऱ्याच्या यंत्रावर बसण्यापेक्षा माझ्या यंत्रावर बस." लेकीपुढे कुणाचं चालतं?

मग हिवाळाभर आमचं गॅरेज गजबजलं. भंगारातून एक जुना ट्रॅक्टर आणला, त्याचं इंजिन काढून टाकलं, मोडीत निघालेल्या फोर्कलिफ्टची मोटर त्यात बसवली. बॅटऱ्या पुढे ठेवायच्या की मागे, यावर बापलेकीचे वाद. पुढचं टोक हलकं झालं तर ओढताना ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहतो, म्हणून पुढे वजनं लावायची. पण एकूण वजनाला मर्यादा, आणि चालवणाऱ्याचं वजनही त्यातच धरतात. म्हणून तर ऋजुता हवी. ती अंगाने काडी, ती बसली की उरलेलं वजन हवं तिथे लोखंडात लावता येतं. हे सगळं मोजायला माझा बाथरूममधला वजनकाटा गेला. एकेक बॅटरी त्यावर ठेवून त्यांनी तो असा दमवला की पुढे त्याने माझं वजन कधी खरं सांगितलं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

भीती मात्र मलाही तेव्हापासून लागली. पेट्रोलचं यंत्र गुरगुरतं, म्हणजे निदान सांगून चावतं. हा उभा असायचा तो चालू आहे की बंद, बघून कळायचंच नाही. धुणं वाळत घालायला मी गॅरेजवरून जायचे तेव्हासुद्धा त्याच्या समोरून जात नसे.

यांनी त्याला तीन ठिकाणी लगाम घातला. पायाचा पेडल सोडला की मोटरची वीज तुटायची, तो पहिला. मागे एक कडी, तिला एक खीळ जोडलेली. कडीतली दोरी स्लेजला बांधायची आणि जोडणी तुटली किंवा काही बिघडलं की दोरी ओढल्याबरोबर खीळ निसटून वीज जायची. हा नियमच होता सगळ्यांना. आणि तिसरा यांच्या मनाचा. डाव्या हाताशी एक लाल दांडा, तो उपसला की बॅटरीच तुटली. तो दांडा यांनी पोरीकडून डोळे बांधून उपसून घेतला. इतक्या वेळा, की जेवताना हे मधेच "बंद!" म्हणाले तर तिचा डावा हात टेबलाखाली जायचा. एकदा आमटीची वाटी सांडली. मी दोघांनाही झापलं.

जूनमध्ये साउथहॅम्प्टनच्या अलीकडे एका गावात शो होता. भाड्याच्या व्हॅनमध्ये ट्रॅक्टर, पुढे आम्ही तिघं. मैदानावर पोचलो, तपासणी झाली. डेरिक नावाचा एक उंच म्हातारा मार्शल होता, शर्यतीवर देखरेख ठेवणारा. त्याने मागची कडी ओढून बघितली, खीळ निसटली, त्याने मान हलवली. आजूबाजूला सगळे पेट्रोलवाले. आमचा ट्रॅक्टर मुका, म्हणून ते जरा हसत होते, पण चांगली माणसं होती. एकाने मला खुर्ची दिली.

ऋजुताने हेल्मेट घातलं. स्लेज जोडली, कडीत दोरी अडकवली. मी खुर्चीवरून उठले, कारण बसवेना. हे मैदानाभोवती बांधलेल्या दोरखंडाच्या अलीकडे उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. हा माणूस देवळात गेला तरी चपलांकडे लक्ष ठेवून असतो, आणि आज पुटपुटत होता.

झेंडा पडला. ट्रॅक्टर निघाला, कसा तर सुळकन. फक्त साखळीची सळसळ आणि मातीचा आवाज. लोक गप्प झाले. वजन सरकत गेलं तसा ट्रॅक्टर जड झाला, पुढची चाकं हातभर उचलली गेली, टेकली, परत उचलली गेली. आणि मग तो जागच्या जागी थांबला. मागची चाकं गरगर फिरत माती उडवत होती. आता ती पेडल सोडणार, की संपलं.

तिने पेडल सोडला. मला तिचा बूट वर आलेला स्पष्ट दिसला. पण चाकं थांबली नाहीत.

"स्टक!" हे ओरडले. "कॉन्टॅक्टर चिकटला!"

आतला तो मोठा खटकाच चिकटला होता, मोहनच्या वेळेसारखाच. डेरिकने स्लेजवरून दोरी ओढली. काही झालं नाही. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला, तरी खीळ निसटेना. पुढचं टोक उचलायला लागलं. माझी पोर आकाशाकडे तोंड करून त्या मुक्या यंत्रावर बसली होती आणि ते तिला मागे उलथवायला निघालं होतं. मी यांच्याकडे बघितलं. हे धावतील असं मला वाटलं होतं. हे नुसते उभे होते, दोरखंड घट्ट धरून, थिजल्यासारखे.

तेवढ्यात तिचा डावा हात खाली गेला आणि लाल दांडा वर आला. चाकं थांबली. पुढचं टोक धप्पकन जमिनीवर आपटलं आणि तिचं डोकं एकदा हललं, बस.

मी दोरखंडाखालून वाकून धावले. ती उतरून ट्रॅक्टरच्या मागे गेली होती. वाकून बघत होती. कडी आणि चौकट यांच्यामधे एक काळा दोरा गुंडाळलेला होता, पक्की गाठ मारून. त्याला एक लिंबू आणि हिरव्या मिरच्या ओवलेल्या. कडी चौकटीलाच बांधली गेली होती, मग ती दोरीने कशी निघणार?

तिने दोरा तोडून हातात घेतला. हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"आई, हे तू केलंस?"

विचारणारच. घरात दृष्ट काढणारी मी. दर अमावस्येला मीठ-मोहऱ्या ओवाळणारी मी, आणि त्यावर हसणारे हे. मी तोंड उघडलं, पण मी काही बोलायच्या आधी मागून यांचा आवाज आला.

"मी बांधलं," हे म्हणाले. "तपासणी झाल्यावर. कुणाला दिसू नये म्हणून मागे बांधलं." मग म्हणाले, "मला भीती वाटत होती गं."

डेरिक जवळ येऊन लिंबाकडे बघत राहिला. त्याला काय सांगणार? यांनीच त्याला इंग्रजीत सांगितलं, माझी चूक, फॉर लक. त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ट्रॅक्टर त्या दिवसापुरता बाद केला.

परतीच्या वाटेवर अंधार नव्हता, इथे जूनमध्ये संध्याकाळ संपतच नाही. व्हॅन ऋजुता चालवत होती, यांनी किल्ली आपणहून तिच्या हातात दिली होती. रस्त्यावरची नजर न काढता ती बोलली.

"बाबा, मला ट्रॅक्टरची भीती नाही वाटत. तुमच्या भीतीची वाटते. तुम्ही तिथे उभे असता ना, सो स्केअर्ड, मग मला वाटतं, आय ॲम गोइंग टू डाय. नेक्स्ट टाइम तुम्ही येऊ नका."

मला राग आला. बापाला असं बोलतात का? पण हे फक्त "बरं" म्हणाले. आणि घरी गेल्यावर जेवले नाहीत.

त्यांनी तो खटका बदलला, आणखी मोठा घातला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या मैदानावर शर्यत होती. ऋजुता आणि मी निघालो तेव्हा हे दारात उभे होते. काही तपासायला सांगितलं नाही. नुसता हात हलवला. मला गाडीत बसल्यावर रडू येत होतं.

ती स्लेजला जोडून बसली आणि माझ्या पर्समधला फोन वाजायला लागला. मी घेतला नाही. माझे डोळे तिच्या पायावर होते. तो वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. ट्रॅक्टर गेला, जड झाला, थांबला. तिने पाय उचलला. चाकं थांबली.

कितवी आली ते मी विचारलंच नाही, आणि तिनेही पाटीकडे बघितलं नाही. घामाने थबथबलेली ती माझ्याकडे आली आणि हात पुढे केला. मी फोन दिला. तिने स्वतःच लावला.

"बाबा? झालं. मी उतरले. मी गवतावर उभी आहे."

मग मला, शेजारी उभ्या असलेल्या मला, फोनमधून तो आवाज आला. इतक्या वर्षांत मी यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. यांची आई गेली तेव्हाही नाही. ऋजुता तिथेच गवतात बसली. तिचा आवाज शांत होता.

"रडा बाबा," ती म्हणाली. "मी फोन ठेवत नाही."