कुजणारा ट्रे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. थर्माकोलऐवजी मातीत कुजून जाईल असा ट्रे करायचं मी मनावर घेतलं होतं. तांदळाच्या कणीची खळ शिजवून साच्यात घातली, पण वाळलेला ट्रे उचलताच तुटायचा. साचा करून देणारे लेथवाले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, हे तं पापडावानी तुटून राह्यलं. याच्यात काही धागा टाका ना."

धागा मिळाला मुलचेऱ्याकडच्या एका शेतकरी बाईंकडे. अंबाडीच्या काड्या नाल्यात कुजवून त्या दोरांसाठी वाख काढायच्या. तो वाख बारीक कापून मी खळीत मळला, आणि मिस्त्रींनी हाताच्या प्रेसनं तापलेल्या साच्यात दाबला. ट्रे टणक निघाला. त्यात टमाटे भरून मिस्त्री वर्कशॉपभर फिरले, तेही हसत.

पावसाळ्यात नुसत्या दमट हवेनं सगळे ट्रे लिबलिबीत झाले, बुरशी धरली. मग जंगलातली लाख स्पिरिटमध्ये विरघळवून वरून लावली. कधी थर जाड व्हायचा, कधी पोपडे निघायचे. असे तीन पावसाळे गेले. सकाळी वर्कशॉप, दुपारी तास, संध्याकाळी घरचा स्वयंपाक. वर्गात फळ्याकडे वळले की क्षणभर डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी पाणी पेलणारा ट्रे जमला. तो घेऊन मी आणि मिस्त्री नागपूरला उद्योग खात्याच्या एका अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"गोदामात वर्षभर टिकेल?"

"नाही. ओल लागत राहिली की कुजेल. त्यासाठीच केलाय."

"मग कोण घेईल, मॅडम?" त्यांनी चहा मागवला. बोलणं तिथंच संपलं.

परतीच्या एसटीत मिस्त्री खांदा चोळत बसले होते. वरोऱ्याच्या पुढं म्हणाले, "माह्या खांद्यानं आता प्रेस दाबनं होत नाई. राग नका मानू."

मला राग आला नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. "बरं, थांबू या," मी म्हटलं.

उरलेले ट्रे मी अंबाडीवाल्या बाईंना देऊन टाकले. त्यांनी त्यात माती भरून वांग्याची रोपं केली आणि ट्रेसकट वाफ्यात लावली. दिवाळीनंतर मी गेले, तेव्हा त्यांनी एका झाडाखालची माती बोटांनी उकरून दाखवली. "इथी होता. आता पाहा, काईच नाई. मुळं बाहेर निंगाले. मले आणखी देजा, बाई."

"आता करत नाही आम्ही."

"काऊन?"

लाख, ओल, गोदाम, मिस्त्रींचा खांदा. सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"थकले हो," मी म्हटलं.

त्यांनी मातीचे हात लुगड्याला पुसले. "मंग बसा थोडं. पानी आनतो," म्हणाल्या आणि घरात गेल्या. मी तिथंच बांधावर बसले.